माथ्यावरची मेथी

गिरजाबाईने पहार उचलून तिसऱ्यांदा त्याच जागी मारली आणि तिसऱ्यांदा ठिणगी उडाली. तिने पहार बाजूला टाकली, उकिडवं बसून हात खड्ड्यात घातला आणि बोटांनी मोजलं. चार बोटं माती, खाली खडक. सकाळपासून सात ठिकाणी मोजून झालं होतं. एका ठिकाणी पाच बोटं निघाली, तिथे तिने खूण म्हणून दगडावर दगड ठेवला होता.

"आई, सापडला का खजिना?"

विक्की डोंगराच्या कडेवरून वर आला. शर्ट पाठीला चिकटला होता आणि तोंड उघडं होतं. डोंगराच्या पायथ्याशी जन्मलेला चौतिशीतला गडी, पण टेम्पोच्या सीटवर बसून बसून आता त्याला घराचा जिनाही उंच वाटायचा. त्याच्या मागून पुनावळ्याचा निरंजन आला. हा जमिनीचे व्यवहार जुळवणारा. पायात पांढरे स्वच्छ बूट, हातात मोबाइल, आणि चेहऱ्यावर समोरच्याची जमीन आधीच विकली गेल्याचं समाधान.

माथ्यावर वारा असा, की पदर कमरेला खोचला नाही तर तोंडावर यायचा. खाली महाळुंग्यातल्या कंपन्यांचे निळे पत्रे ओळीने पसरले होते. पलीकडे मैदानात नव्या गाड्या उभ्या होत्या, एकीलाही अजून नंबर नव्हता. तिथेच कुठेतरी, तिसऱ्या आणि चौथ्या शेडच्या मध्ये, गिरजाबाईचं भाताचं खाचर होतं. नेमकं कुठे ते तिला अजून डोळे मिटून सांगता आलं असतं, पण विचारणारं कोणी नव्हतं.

"काकी, व्ह्यू काय आहे हो!" निरंजन मोबाइल चारी बाजूंना फिरवत म्हणाला. "इथे हॉटेल झालं ना, शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा राहणार नाही."

"पाय ठिवायला जागा आत्ता बी न्हाई. म्हनून तर खांदतीया."

"काय लावणार आहेस?" विक्कीने विचारलं.

"भाजी."

"खडकावर?"

"खडकावर मातीत."

"आणि माती?"

"आनीन."

विक्कीने निरंजनकडे बघितलं. निरंजन हसला नाही. तो या धंद्यात जुना होता, म्हाताऱ्या बायकांवर हसायचं नसतं हे त्याला ठाऊक होतं.

घराची सगळी जमीन तुकड्यातुकड्याने गेली होती आणि प्रत्येक तुकड्याच्या कागदावर तिच्या नवऱ्याची, धोंडीबाची सही होती. गिरजाबाईला एकदाही कोणी विचारलं नव्हतं. भाताची खाचरं गेली, विहिरीचं रान गेलं, आंब्याचा बांध गेला. उरले ते माथ्यावरचे अकरा गुंठे, तेही धोंडीबाने ठेवले म्हणून नव्हे, तर इतक्या वर कोणी मागायला आलं नाही म्हणून. धोंडीबाचा बाप तिथे वरई पेरायचा. तो गेल्यावर तिथे फक्त गवत आणि वारा राहिला. आता मागणारा आला होता, आणि विक्कीच्या खिशात पुनावळ्यातल्या चौदाव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटचं रंगीत पत्रक घडी पडून पडून फाटायला आलं होतं.

दुपारी ओट्यावर बैठक बसली. धोंडीबा भिंतीला टेकून गुडघे चोळत होता. गुडघ्यांनी त्याचा डोंगर बंद केला त्याला बरीच वर्षं झाली होती. त्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं. निरंजनचं गोड बोलणं ऐकलं, विक्कीचं "आबा, लॉजिक बघा" ऐकलं. मग बायकोकडे वळला.

"तुजं काय म्हननं हाय?"

गिरजाबाईच्या हातातला तांब्या तिथेच राहिला. पस्तीस-चाळीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला होता. तिला त्याचा आनंद झाला नाही, रागच आला. इतका उशीर?

"इकायची न्हाई," ती म्हणाली. "घरातल्या मानसाच्या ताटात बसंल असं काय तरी आपल्या मातीतलं पायजे. म्या वर भाजी काडून दावीन."

धोंडीबाने गुडघा चोळायचं थांबवलं.

"मग आसं करू," तो म्हणाला. "सर्वपित्रीला या घरात वरची भाजी शिजू दे. चार ताटांना पुरंल येवडी. शिजली, पुरली, तर ह्यो इषय बंद, विक्यानं बी तोंड उघडायचं न्हाई. न्हाई पुरली, तर दुसऱ्या दिशी घट बसत्यात, मुहूर्त चांगला हाय, म्या सही करनार. मग तू रडायचं न्हाई."

"म्या कवा रडले?"

"न्हाई रडलीस, त्येच तर," धोंडीबा म्हणाला आणि आत निघून गेला.

निरंजनला कसलीच घाई नव्हती. पावसाळ्यात वर काम सुरू होत नाही आणि पितृपक्षात कोणी जमिनीचा कागद करत नाही, तो म्हणाला, तोवर थांबू. जाताना त्याने बूट पायपुसण्याला नीट पुसले.

ज्येष्ठ महिना चालू होता. गिरजाबाईजवळ साडेतीन महिने होते.

तिने माती शोधायला सुरुवात केली आणि तिला गंमत कळली. गावात मातीच नव्हती! जिकडे बघावं तिकडे सिमेंट, पेव्हर ब्लॉक, भरावाचा मुरूम. जिथे गाड्या भरून भात निघायचा तिथे एक पाटीभर माती मिळेना. ज्यांच्या दारात तुळस होती त्यांनी मातीही कुंडीसकट विकत आणलेली. गिरजाबाई ओढ्याच्या काठाने फिरली, देवळामागचा उकिरडा उपसला, पडक्या गोठ्याची जमीन खरवडली. मिळालेली पाटी डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवायची आणि डोंगर चढायचा. सकाळी दोन खेपा, उन्हं उतरल्यावर एक. गावातल्या बायका नळावर विचारायच्या, "काय गं गिरजे, नवस बोललीस का डोंगराला?" ती म्हणायची, "व्हय, तुमची तोंडं बंद व्हावी म्हनून."

आषाढात दोन दिवस आणि एक रात्र पाऊस पडला. तिसऱ्या दिवशी ती वर गेली तेव्हा खडक धुऊन पुसून लख्ख झाला होता. महिनाभराची माती, तिच्यातल्या गवारीच्या आणि घेवड्याच्या रोपांसकट, उताराने निघून गेली होती. गिरजाबाई ओल्या खडकावर बसली. तिने शिव्या दिल्या. आधी पावसाला दिल्या, मग कंपन्यांना, मग नवऱ्याला, आणि शेवटी स्वतःला, कारण आधी दगडी बांधाचे ताल घालायचे आणि मग माती आणायची हे शेतकऱ्याच्या पोरीला कुणी शिकवायला लागतं का? शिव्या संपल्यावर ती उठली आणि दगड गोळा करायला लागली.

अर्धा श्रावण दगडांतच गेला. माथ्यावरचे मोठे खडक वाऱ्याला आडवे यायचे, त्यांच्या आडोशाला तिने गुडघाभर उंचीचे ताल रचले. फटीत बारीक खडी, मागे गवताचा थर. खाटेएवढा एक वाफा, तसे तीन वाफे. मग पुन्हा पाट्या. एका वाफ्यापुरती माती झाली तेव्हा पोळा उलटून गेला होता. घेवड्याला, गवारीला आता वेळ नव्हता. तिने मेथी टाकली. मेथी माणसाला फार वाट बघायला लावत नाही.

सून पिंकी हे सगळं बघत होती. ती काळेवाडीची, वायरिंगच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला जाणारी. शेतातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं आणि तसं ती उघड सांगायची. पण एका संध्याकाळी सासू पायऱ्या चढताना भिंतीला हात लावून थांबली, ते तिने बघितलं. त्या रात्रीच्या जेवणात तिने विक्कीच्या ताटात भाकरी जरा जोरातच टाकली.

"काय झालं?" विक्की म्हणाला.

"काही नाही. आत्याबाई रोज तीन खेपा करतात. तुम्हाला जमीन विकायची ना, विका. पण म्हातारी आई माती वाहतेय आणि तुमचा टेम्पो दारात उभा आहे. लोक काय म्हणत असतील ते जाऊ दे, मलाच बघवत नाही."

"मी विकायच्या बाजूचा आहे. मी कशाला माती वाहू?"

"मग हरवायचं तर नीट हरवा. असं बसून काय हरवायचं?"

 त्या रात्री विक्कीने भाकरी एकच खाल्ली.

गणपतीत गिरजाबाई दोन दिवस माहेरी गेली. भावाला बरं नव्हतं. मेथी दोन पानांवर आली होती, हिरवी, टवटवीत, आणि तिचा पाय निघत नव्हता, पण भाऊ एकच होता. दोन दिवसांनी परत आली ती पिशवी ओट्यावर ठेवून थेट डोंगरालाच लागली. पिंकीला सुट्टी होती, तीही मागून गेली.

वर विक्की उभा होता. बनियनवर, घामाने निथळत, दोन्ही खांदे सोलवटलेले. शेजारी रिकाम्या गोण्यांची चळत.

"आलीस?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात असं काही होतं, जे गिरजाबाईने तो शाळेत असताना शेवटचं ऐकलं होतं. "बघ. बारा गोण्या! टेम्पो खालपर्यंत आणला, तिथून पाठीवर. एकेका गोणीला सात वेळा बसलो. पण आणल्या. एक नंबर काळी माती, फुकट. पार वर्षभर पडून होती एका कंपनीच्या मागे."

तिन्ही वाफे काठोकाठ काळेभोर भरले होते. ज्यात मेथी होती तोही.

"मेथी कुठाय?" गिरजाबाईने विचारलं.

"खाली आहे. वरून जरा जास्तीची टाकली, खत मिळेल म्हणून."

गिरजाबाई वाफ्याशी बसली. तिने मूठभर उचललं, तळहातावर चोळलं, नाकाशी नेलं. मग चिमूट जिभेवर ठेवली आणि बाजूला थुंकली. पिंकी तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"विक्या," गिरजाबाई म्हणाली, "ही माती न्हाई."

"म्हणजे? काळी आहे, चिकट आहे. ओली केली तर लाडू वळतो, बघ." त्याने वळून दाखवला. लाडू झकास वळला.

"वास घे."

त्याने घेतला. "मातीचाच वास आहे."

"जळक्याचा वास हाय. ही फौंड्रीची रेती हाय बाबा. लोखंड वतायचे साचे करत्यात, त्यातली. जळून काळी झालेली."

विक्की हसला. आईला काय कळतं कारखान्यातलं, अशा अर्थाचं ते हसू होतं. पिंकी पुढे झाली. तिच्या मोबाइलच्या कव्हरला बंद करायचा चुंबक होता. तिने काही न बोलता ते कव्हर वाफ्यावर टेकवलं आणि उचललं. चुंबकाला बारीक काळ्या कणांची दाढी आली होती.

  खाली तिसऱ्या शेडचा भोंगा झाला आणि दुसरी शिफ्ट आत गेली.

विक्कीने हातातला लाडू बघितला. पणजोबापासूनची शेतकऱ्याची औलाद, आणि बारा गोण्या पाठीवर वाहून त्याला माती कुठली आणि राख कुठली हे कळलं नव्हतं. त्याचे कान लाल झाले.

"मला कोणी शिकवलं?" तो एकदम ओरडला. "सांग ना! मी सातवीत असताना विहिरीचं रान गेलं. कोणी माझ्या हातात माती दिली? मी लहानपणापासून हेच बघतोय, हे पत्रे!"

 ओरडण्यासारखं गिरजाबाईजवळही खूप होतं. मेथी गेली होती, वीस-बावीस दिवसांवर सर्वपित्री आली होती. पण पोराच्या खांद्यावरून रक्ताची बारीक रेघ खाली आली होती आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. तिने पदराचं टोक ओलं करून ती पुसली.

"न्हाई शिकवलं," ती म्हणाली. "आमचं चुकलं. आता भर गोण्या."

घरी आल्यावर तिने धोंडीबाला सगळं सांगितलं. धोंडीबा सुपारी कातरत होता, कातरत राहिला.

"मला ठावं हुतं," तो म्हणाला.

"काय ठावं हुतं?"

"दारात गोण्या उतरल्या तवा म्या हात घालून बगितला. रेती हाय ती."

गिरजाबाईचा पारा चढला. "आन गप बसलात? माझी मेथी गाडली त्येनं! तुमाला इकायचंच हाय, मग तोंडावर सांगायचं हुतं. ह्या वयात मला डोंगर कशापायी चढाय लावला?"

"अगं, आईक तरी."

"न्हाई आईकत. लई आईकलं तुमचं."

धोंडीबाने अडकित्ता खाली ठेवला. "जमीन दावाय एकदा गेला त्येवडं सोडलं, तर विक्या पंधरा वर्सांत डोंगर चडला नव्हता," तो म्हणाला. "पाठीवर गोनी घिऊन चालला हुता. म्या म्हनलो असतो, बाबा, ती रेती हाय, तर दारात वतून मोकळा झाला असता आन पुन्यांदा वर गेला नसता. म्या इचार केला, जाऊ दे. एकदा पाय लागू दे. मेथी काय, पुन्ना टाकशील."

 राग कुठे ठेवावा हे गिरजाबाईला कळेना. "आवं, दिस किती ऱ्हायलेत त्ये तरी मोजायचं!" एवढंच ती शेवटी म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली. चहा तिने दोघांचा टाकला.

दुसऱ्या दिवशी विक्कीने टेम्पो भाड्याला लावला नाही. रेतीच्या बारा गोण्या त्याने एकेक करून खाली उतरवल्या. उतरताना ओझं चढण्यापेक्षा वाईट असतं, हे त्याला तेव्हा कळलं. मेथीच्या वाफ्यातली जुनी मातीही रेतीत मिसळून वाया गेली होती. शेवटची गोणी उतरवून तो आईला म्हणाला, "आता खरी माती कुठून आणायची ते सांग."

"आषाडात वाहून गेलेली कुटं गेली आसंल?"

विक्कीने डोंगराच्या उताराकडे बघितलं, मग त्याखाली. उताराला आडवी कंपनीची उंच भिंत होती. तो उतरून गेला. भिंतीच्या डोंगराकडच्या अंगाला पावसाच्या पाण्याचं गटार होतं, आणि ते गटार काठोकाठ भरलं होतं. वर गवत उगवलेलं. त्याने हात घातला तो कोपरापर्यंत गेला. मऊ, तांबूस काळी. त्याने चोळली, वास घेतला, आणि मग इकडेतिकडे बघून चिमूट जिभेवर ठेवली. मग तीच मूठ घेऊन धापा टाकत आईकडे आला.

गिरजाबाईने हात लावला नाही. "तू सांग," ती म्हणाली.

"हीच आहे," विक्की म्हणाला. जरा थांबून त्याने विचारलं, "आहे ना?"

"हाय."

गेटवरचा वॉचमन विक्कीच्या ओळखीचा होता. गटारातली माती नेऊ का विचारल्यावर तो म्हणाला, "ने की भावा, आमचंच काम वाचलं." तीन दिवस ते तिघे खेपा करत होते. पिंकी शिफ्टवरून सुटली की कंपनीच्या निळ्या गणवेशातच यायची आणि पाटी उचलायची. तिला डोक्यावर पाटी धरता येत नव्हती, ती पोटाशी धरून चढायची. एकच वाफा भरला, पण तळापासून भरला. चौथ्या दिवशी गिरजाबाईने मेथी टाकली. सर्वपित्रीला सतरा दिवस राहिले होते.

त्या सतरा दिवसांत विक्की रोज सकाळी भाड्याला जाण्याआधी वर जाऊन यायचा. विचारलं तर म्हणायचा, "पोट सुटलंय, चालायला जातो." एकदा ऐन दुपारी आभाळ भरून आलं तेव्हा तो माल अर्धा उतरवून आला आणि टेम्पोची ताडपत्री वाफ्यावर ताणून, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून, पाऊस थांबेपर्यंत तिथेच भिजत बसला. फ्लॅटचं पत्रक अजून त्याच्या खिशात होतं. तेही भिजलं.

सर्वपित्रीच्या सकाळी गिरजाबाई एकटीच वर गेली. मेथी बोटभर झाली होती. आणखी आठ दिवस मिळाले असते तर वीतभर झाली असती. पण आठ दिवस कोण देणार? तिने मुळासकट एकेक उपटली, माती जागच्या जागी झटकली. पदराचा ओचा भरला. चढताना तिला वाटलं होतं त्यापेक्षा ओचा मोठा दिसत होता आणि उतरताना तिचं मन जरा हलकं झालं.

ते शेगडीपर्यंतच टिकलं. मुळं खुडली, पानं धुतली, कढईत जिरं तडतडलं, मेथी पडली, आणि पालेभाजी जे करते तेच तिने केलं. पिंकीच्या डोळ्यांसमोर ढीग बसत बसत गेला.

"आत्याबाई, हे काय हो!" पिंकीचा आवाज चिरकला. "एवढीशीच?"

"पाला हाय. बसनारच."

"मुगाची डाळ घालू? नाहीतर बटाटा? पीठ पेरू थोडं. भरपूर दिसेल."

"नगं."

"कोणाला कळणार आहे?"

"मला कळंल." गिरजाबाईने झारा कढईवर आपटला. "वरची भाजी म्हनली ना? मग वरचीच. आजच्या दिशी फसवायचं कुनाला, माज्या गेलेल्या सासऱ्याला?"

बाकीचा स्वयंपाक सगळा झाला होता. खीर, वडे, आमटी, कढी, बाजारातल्या गवारीची आणि भोपळ्याची भाजी. पितरांचं पान गच्चीवर ठेवलं, त्यात पहिली मेथीच वाढली. चिमूटभर म्हटली तरी तेवढी आणखी कमी झाली. मग चार ताटं मांडली. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. निरंजनला आजच कागदांच्या झेरॉक्स हव्या होत्या, उद्याच्या सहीची तयारी म्हणून. तो ओट्यावरच टेकला. आत जेवणं चालली आहेत बघून म्हणाला, "चालू द्या, चालू द्या, मी बसतो."

गिरजाबाईने कढई पुढ्यात घेतली. चार ताटांचा अंदाज करून तिने मनातल्या मनात चार भाग पाडले. प्रत्येकी दोन घास. पुरली असं कोणी म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. तिने हार मानली नव्हती, पण कढई बघत होती. डोळे भरून आले तर धूर आहे म्हणता आलं असतं, पण घरात गॅस होता.

तिने धोंडीबाच्या ताटात पहिला चमचा वाढला. दुसरा उचलला तर त्याने ताटावर हात आडवा धरला.

"बास."

"खावा की."

"खीर हाय, वडं हायती. ह्या वयात किती खायाचं?"

तिने विक्कीला वाढलं. अर्धाच चमचा पडला आणि त्याने ताट मागे घेतलं. "मला आमटी वाढ," तो म्हणाला. "भाजी लागली तर मागतो." हा तोच विक्की, जो मेथीची पेंडी एकटा संपवायचा.

"मला अगदी चाखायला," पिंकी म्हणाली. "कडू लागते मला मेथी."

"कदीपासनं?"

"आजपासून," पिंकी म्हणाली आणि मान खाली घालून वडा मोडायला लागली.

गिरजाबाईने स्वतःला वाढून घेतलं. ते तिघे एवढे थोडे घेत होते, तर तिने तरी जास्त कशी घ्यावी? मग सगळे जेवले.  धोंडीबाने मेथी वड्याबरोबर खाल्ली नाही, खिरीबरोबर नाही. त्याने ती शेवटी, नुसती, तोंडात घातली आणि बराच वेळ चावली. विक्कीने ताट बोटाने निपटलं, पण मागितलं काही नाही.

ताटं रिकामी झाली. गिरजाबाईने कढईत बघितलं. तळाला, एका बाजूला ओढलेली, एका माणसापुरती मेथी शिल्लक होती.

तिच्या तेव्हा ध्यानात आलं. तिने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. विक्की पाणी पीत होता, नको तेवढं. पिंकी ताटातला नसलेला भात गोळा करत होती.

"विक्या," ती म्हणाली, "खरं सांग. तुजं पोट..."

"अगं, पितरांच्या दिशी ताटावर वाद घालू नगंस," धोंडीबा म्हणाला. मग तो पोराकडे वळला. "पुरली का रं?"

विक्कीने तांब्या खाली ठेवला. खिशातलं पत्रक वाळून कडक झालं होतं, बसताना मांडीला टोचत होतं. ते त्याने काढून शेगडीपाशी टोपलीत, मेथीच्या मुळांवर टाकलं.

"पुरली की, आबा," तो म्हणाला. "उरलीय."

धोंडीबा गुडघ्यावर हात टेकून, भिंतीचा आधार घेत उठला. दारापाशी गेला. बाहेर ओट्यावर निरंजन मांडीवर फाइल घेऊन बसला होता, त्यात पेन खोचलेलं.

"निरंजनराव, या आत," धोंडीबा म्हणाला. "जेवायला बसा. पोरी, एक ताट मांड. वरची भाजी उरलीया."

निरंजनने त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या खांद्यावरून आत, चार रिकाम्या ताटांकडे आणि कढईकडे. तो या धंद्यात जुना होता. त्याने पेन खिशाला लावलं, फाइल ओट्यावर पालथी ठेवली, बूट काढले आणि हात धुवायला मोरीकडे गेला.